उरफोडीवर हात लावायचा नाही

आमच्या गावातून मानोऱ्याला जायचं तर उरफोडी चढावीच लागते. उरफोडी हे चढावाचं नाव. ज्यानं कोणी ते ठेवलं त्याच्या डोक्यावर त्या वेळी भाजीचं टोपलं असणार, यात मला तरी शंका नाही. चढाव असा उभा की रिकामी बैलगाडीसुद्धा मध्यावर येऊन थांबते. म्हणून आमच्याकडं एक रीत पडली आहे. उरफोडीवर कोणाचंही वाहन अडलेलं दिसलं, की जो तिथं असेल त्यानं मागून हात लावायचा. ओळख विचारायची नाही, जात विचारायची नाही, पक्ष तर मुळीच विचारायचा नाही. बांधावरून कोर्टात गेलेले दोन भाऊ आमच्या गावात आहेत, एकमेकांचं तोंड पाहत नाहीत. पण मोठ्याचा टेम्पो अडला तर धाकटा मान दुसरीकडं फिरवून का होईना, ढकलतो. आम्ही नवरदेवाची गाडी ढकलली आहे, वीज तोडायला आलेल्या साहेबाची ढकलली आहे. मोटारसायकलवर नवरा-बायको असले तर बायको उतरून ढकलते, पण ती रीत नव्हे, तो संसार झाला.

अशा या रस्त्यानं देशोदेशीच्या सायकलवाल्यांची शर्यत जाणार, अशी बातमी आली. शर्यत चांगली बऱ्याच दिवसांची, रोज एक टप्पा. त्यातला एक टप्पा आमच्या उरफोडीवरून वाशीमला संपणार होता. म्हणजे हे लोक बिचारे पगार घेऊन चढाव चढतात. आम्ही जन्मभर फुकट चढलो, आमच्या तर ध्यानातच आलं नाही की हा धंदा आहे.

रस्त्याचं सांगतो. आमच्या बाया नऊ महिन्यांचं पोट घेऊन त्या खड्ड्यांतून दवाखान्यात गेल्या, तेव्हा निधी नव्हता. परदेशी माणसाच्या बुडाला गचका बसू नये म्हणून मात्र निधी पळत आला. डांबर असं गुळगुळीत झालं की म्हशी त्यावर पाय ठेवायला बिचकल्या. मग फलक लागले. फलकावर इतक्या पुढाऱ्यांची तोंडं, की सायकलीला जागाच उरली नव्हती. शेवटी कोपऱ्यात एक चाक दाखवून भागवलं. मी तिथल्या एका कार्यकर्त्याला म्हटलं, "काहून गा, एकच चाक? दुसरं कुठी गेलं?" तो म्हणाला, "काका, तुमाले कशातच चांगलं दिसत नाही." ते मात्र खरं आहे.

आता मुख्य गोष्ट. त्या शर्यतीत माझा भाचा होता. बहीण आमच्या गावातच दिलेली, दोन्ही घरं भाजीपाल्यावर चालतात. हा पोट्टा शाळेत असल्यापासून सांबाराच्या जुड्या, सांबार म्हणजे आमच्याकडं कोथिंबीर, काळ्या सायकलला बांधून मानोऱ्याच्या बाजारात न्यायचा. उरफोडी न उतरता चढायचा. कोणीतरी ते पाहिलं, पुण्याला नेलं, आणि होता होता तो एका पगारी टीममध्ये जाऊन बसला.

शर्यतीच्या आधी एका दुपारी तो घरी आला. दोन्ही पाय चक्क भादरलेले. बहीण घाबरली.

"काय झालं रे? सुतकात लोकं डोस्कं भादरतेत, तू पाय भादरून आला!"

"माय, सगळेच भादरतेत तिकडं."

"तिकडचे लोकं येडे हायेत, तू कायले होतं येडा?"

मी कामाचं विचारलं. "तुहा नंबर कितवा येईन?"

"मामा, माह्या नंबराचा सवाल नाही. आमचा एक मेन गडी हाय. त्याले पाणी आणून द्याचं, त्याच्यापुढं राहून वारा झेलाचा, चढावापर्यंत त्याले पोचवून द्याचं. मंग थो पुढं जाते."

"म्हंजे राबाचं तू आन् हार त्याच्या गळ्यात?"

"हो."

"मंग हे शिकाले पुन्याले कायले गेला बे? हे तर इथी फुकट शिकवतेत!"

पोट्टा हसला, पण लगेच गंभीर झाला. म्हणाला की त्याला नुसतं परीक्षेवर घेतलं आहे. रोज पहिला गडी पोचल्यावर ठरलेल्या वेळाच्या आत पोचायचं. सगळे दिवस असं जमलं तर वर्षभर ठेवतील. एक दिवस मागं पडला, की त्याच दिवशी घरी. मग आईकडं वळून म्हणाला, "आन् माय, उरफोडीवर मले कोणी हात लावला त पंच बाद करते. आपल्या लोकायची सवय तुले माहीत हाय. कोणाले हात लावू देऊ नोको."

झालं! माझी बहीण पदर खोचून निघाली. वरच्या आळीपासून खालच्या बौद्धवाड्यापर्यंत आणि तिथून तांड्यापर्यंत, एक घर सोडलं नाही. "माह्या पोराले हात लावसान त माह्यं मेलेलं तोंड पाहसान." असं तिनं दारोदार सांगितलं. म्हाताऱ्यांना देवाची आण घातली, ज्यांना देव चालत नाही त्यांना बाबासाहेबांची घातली. सगळे हो म्हणाले. बाकीच्या सायकलवाल्यांचं ती काही बोलली नाही. बाकीच्यांची आई ती नव्हती.

शर्यतीच्या दिवशी शाळेची पोरं रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी उन्हात उभी. गुरुजींनी शिट्टी वाजवली की टाळ्या वाजवायच्या, असं ठरलेलं. सरावात मधूनच एक कुत्रं रस्ता ओलांडून गेलं, नेमकी तेव्हाच शिट्टी वाजली. त्या कुत्र्याचा असा सत्कार झाला की ते दिवसभर तिथून हललं नाही.

मग भोंग्यांची गाडी आली. आत बसलेला साहेब खणखणीत आवाजात सांगत होता, "ग्रामस्थांना सूचित करण्यात येते की कोणत्याही स्पर्धकास हात लावू नये." आणि नेमकी मध्यावर गाडीनं मान टाकली. भोंगे वजनदार, चढाव उरफोडीचा. आम्ही धावलोच. आमचे हात गाडीला आणि साहेबाचं तोंड भोंग्याला. "ढकलणे हा नियमभंग आहे... धन्यवाद मंडळी, थोडं अजून... ढकलल्यास स्पर्धक बाद होईल... अहो, डावीकडून जोर लावा!" गाडी वर पोचली, साहेबानं हात जोडले आणि पुन्हा सुरुवातीपासून तेच सांगायला लागला. तेव्हा गावानं ओळखलं, की हे साहेबाचं बोलणं आहे, मनावर घ्यायचं नाही. आमचा आजवरचा अनुभवही तोच होता.

दुपार कलायच्या आत ते आले. आधी मोटारसायकली, मग शिट्ट्या, मग पहिला गडी. परदेशी. हाडं मोजून घ्यावीत असा, आणि तोंड पिकल्या टमाट्यासारखं लाल. उरफोडीच्या मध्यावर आला तशी त्याची सायकल साप चालतो तशी इकडून तिकडं व्हायला लागली. तिथं आमचा जुना गाडीवान म्हातारा उभा होता. त्यानं जन्मभर बैलांचा दम ओळखला आहे.

"अरे बाप्पा, हे लेकरू मरते ना इथी!" असं म्हणून त्यानं गड्याच्या पाठीला तळहात लावला.

गडी वळून त्याच्या भाषेत काहीतरी ओरडला. म्हातारा खूश झाला. "आशीर्वाद देऊन राह्यला!"

मग काय विचारता! एकानं लावला की दुसरा कसा मागं राहील? खालच्या वळणापासून वरच्या वडापर्यंत हातच हात. गोरे आले, सावळे आले, आपले पंजाबी पोट्टे आले, एकेकाला या हातातून त्या हातात असं वर पोचवलं. काही ओरडले, काही हसले, एकानं तर पायडल मारणंच सोडलं. पंचाची मोटारसायकल गर्दीत बंद पडली, ती ढकलली. भाच्याच्या टीमचा तो मेन गडी आला, ज्याच्यासाठी आमचा पोट्टा पाणी वाहत होता. त्याच्या पाठीला माझ्या बहिणीनंच दोन्ही हात लावले. मी म्हटलं, "तू बी?" तर म्हणाली, "कोणाचं तरी लेकरूच हाय ना दादा."

सगळे गेले. रस्ता रिकामा झाला. मग खालून एकटा भाचा आला, त्याच्यामागं मागं पडलेल्यांना उचलून नेणारी गाडी. सकाळपासून वारा झेलून आणि पाणी वाहून त्याचे पाय संपलेले होते. मांडीला वांब येऊन गोळा चढला होता, एका पायानंच काय ते रेटत होता. खालच्या वळणावरून त्यानं वर पाहिलं. सगळे कसे वर गेले ते त्याला खालून येताना दिसलंच असेल.

बहीण रस्त्याच्या मधोमध आली आणि दोन्ही हात पसरून ओरडली, "मांगं व्हा! हात मांगं घ्या!"

आणि गाव मागं सरलं. जे हात आतापर्यंत पुढं होते ते सगळे पाठीमागं गेले. शाळेच्या पोरांनीसुद्धा हात मागं बांधले. गुरुजी शिट्टी विसरले. तो गाडीवान म्हातारा डोळ्यांतून पाणी काढून "चाल माह्या राजा, चाल" एवढंच म्हणत होता. पोट्टा आमच्यासमोरून असा हळू गेला की त्याचा श्वास मोजता आला असता. त्यानं एकदा आमच्या खांद्यांकडं पाहिलं, हात कुठं आहेत ते शोधल्यासारखं. मग मान खाली घातली. माझा हात पुढं निघालाच होता. पण बहिणीची शपथ होती. मीही हात मागंच ठेवले आणि माझं मनगट मीच गच्च धरलं.

तो वर पोचला, स्वतःच्या पायांनी. बहिणीनं वडाखाली बसून देवाला हात जोडले. "कोणी हात नाही लावला ना दादा? कोणीच नाही ना?"

"नाही वं बाई, कोणीच नाही."

लागलीच एका पुढाऱ्यानं खेळाडूची आई म्हणून तिला तिथंच शाल-नारळ दिलं, फोटो काढला. आमच्या गावाच्या आतिथ्याबद्दलही दोन शब्द बोलला. बोलला म्हणजे अर्धा तास.

वाशीमला काय झालं ते संध्याकाळी भाच्यानंच घरी येऊन सांगितलं. बॅग घेऊनच आला होता. पंच बसले होते. ढकललेले सगळे बाद करावेत तर उद्या शर्यत कोणाची घ्यायची? पाहुणे मंडपात, हार तयार, पेढे वाटून झालेले. तेव्हा असं ठरलं, की लोकांनी आपणहून ढकललं, गड्यांनी मागितलं नव्हतं, म्हणून सगळ्यांना समज देऊन सोडावं. वेळेचा नियम मात्र तसाच ठेवला. पहिला गडी ज्या वेळात आला, आमच्या हातांनी आला, त्या वेळावरून हिशोब लागला. त्या हिशोबात एकच गडी मागं पडला. चहाचा एक कप प्यायला जेवढा वेळ लागतो, तेवढ्यानं.

बहीण चुलीपुढं बसली होती. ऐकलं आणि तव्यावरची भाकर तशीच राहिली. "म्हंजे त्यायले लावला तरी चाललं?"

"चाललं ना माय."

"आन् तुले लावला असता त?"

त्यानं तव्याकडं बोट दाखवलं. "भाकर करपून राह्यली," एवढं म्हणाला.

तेवढ्यात टीमच्या साहेबाचा फोन आला. पोट्टा अंगणात जाऊन बोलत होता, पण आमच्या घरांना भिंती नावालाच आहेत. जागा दुसऱ्याला दिली, हे सांगायला फोन होता. शेवटी साहेबानं काहीतरी विचारलं असावं. पोट्टा हसल्यासारखं करून म्हणाला, "हो सर, सगळ्यांना ढकललं. मला नाही. मी घरचा होतो ना, सर."

बहिणीनं ते ऐकलं. त्या दिवसापासून ती कोणाशी धड बोलेना. मी शर्यतवाल्यांना शिव्या दिल्या, पंचांना दिल्या, पुढाऱ्याला तर मनापासून दिल्या. तिला त्यानं काही फरक पडला नाही.

पुढच्या बाजाराच्या दिवशी भाच्यानं छपरातून जुनी काळी सायकल काढली. सांबाराच्या जुड्या बांधल्या. मेथीचं गाठोडं बांधायला कापड कमी पडलं, तेव्हा बहिणीनं ती सत्काराची शाल आणून दिली. मी आणि ती टोपली घेऊन मागं चालत होतो. उरफोडीच्या मध्यावर सायकल अडखळली. ओझं जास्त होतं आणि त्याची मांडी अजून दुखत होती.

बहिणीनं टोपलं माझ्याकडं दिलं आणि धावली. पण त्याच्या पाठीजवळ जाऊन तिचा हात हवेतच थांबला. तिनं खाली रस्त्याकडं पाहिलं, वर वडाकडं पाहिलं.

पोट्ट्यानं मागं वळून पाहिलं नाही. दम खात एवढंच म्हणाला, "लाव वं माय. आता कोणी पाहून नाही राह्यलं."