एलायसकाकांची डॉक्युमेंटरी

फुकटात काम करणारी माणसं जमली की मतं भरपूर मिळतात आणि हात कमी पडतात, हे मी लंडनमधल्या आमच्या पिनरच्या गणपतीत शिकले होते. तरी एलायसकाकांना हो म्हणून बसले.

एलायस नुनीस आमचे शेजारी. मूळचे वसईचे कॅथलिक. हॉस्पिटलात स्कॅन आणि एक्स-रे काढण्यात सगळी हयात गेली, आता रिटायर. त्यांच्या चर्चमध्ये रविवारी दुपारी जुन्या पद्धतीची लॅटिन मिस्सा, म्हणजे सामुदायिक उपासना, व्हायची. फादर लोकांकडे पाठ करून वेदीसमोर उभे राहतात, बरंचसं हलक्या आवाजात म्हणतात आणि लोक गुडघे टेकून गप्प असतात. पूर्वी सगळीकडे अशीच व्हायची, मग आपापल्या भाषेतली मिस्सा आली. आता ही उरलेलीही नोव्हेंबरअखेर बंद होणार, असं बिशपांकडून कळलं होतं. ती वाचावी म्हणून तिची बाजू मांडणारी फिल्म करायची, यूट्यूबवर टाकायची आणि बिशपांना दाखवायची, असा बेत होता. माझा धर्म कुणी विचारला नाही. ट्रायपॉड आहे का, एवढंच विचारलं.

दर गुरुवारी बेसिंगस्टोकच्या ऑफिसातून थकून यायचं आणि थेट चर्चच्या हॉलमध्ये मीटिंगला बसायचं. जेराल्ड नावाचे निवृत्त शिक्षक स्क्रिप्ट लिहीत होते. त्यांनी चौथ्या शतकापासून सुरुवात केली होती आणि तिसऱ्या मीटिंगपर्यंत ते सहाव्यात पोचले. कुणाला ड्रोन हवा होता, कुणाला ऑर्गन. स्वतःचा चेहरा मात्र कुणालाच दाखवायचा नव्हता. मिस्सा चालू असताना शूटिंग फक्त मागच्या गॅलरीतून, अशी फादरांची अट. म्हणजे माझ्या हातात काय, तर गप्प बसलेल्या माणसांच्या पाठी. एलायसकाका खुर्च्या मांडायचे, चहा करायचे, भांडून निघालेल्यांना पार्किंगमधून परत आणायचे. त्यांचा चेहरा आठवड्यागणिक उतरत चालला होता आणि माझी चिडचिड वाढत होती.

ऑक्टोबरात मी हात टेकले. "एक तरी माणूस कॅमेऱ्यासमोर बसू दे," मी म्हणाले. "ही मिस्सा मला का हवी, ते सांगू दे. नाहीतर हे कोण बघणार?" सगळे चहाच्या कपात बघत राहिले. शेवटी काका म्हणाले, "मी बसतो."

शनिवारी दुपारी त्यांच्या घरी कॅमेरा लावला. फिलोमिनाकाकू स्वयंपाकघरात होत्या. त्या रविवारी सकाळच्या इंग्लिश मिस्सेला जायच्या आणि काका दुपारच्या लॅटिनला, चर्च एकच. घरातला हा रिवाज मी कधीपासून बघत होते, पण त्याबद्दल विचारायची कधी हिंमत झाली नव्हती.

काका इंग्रजीत परंपरेवर आणि सौंदर्यावर बोलत राहिले. मला जांभई आवरेना.

"काका, हे सगळं जेराल्डचं आहे," मी म्हणाले. "तुम्हाला स्वतःला ही मिस्सा का पाहिजे? मराठीत सांगा, सबटायटल्स मी टाकते."

त्यांनी जेराल्डचा कागद घडी करून बाजूला ठेवला.

"शेरील गेली ना," ते म्हणाले. शेरील त्यांची एकुलती एक मुलगी, मेंदूत रक्तस्राव होऊन ऐन तारुण्यात गेली. "त्याच्यानंतर संडेला मिस्सेला उभा राहिलो. 'अवर फादर' ही प्रेयर सगळे एकत्र म्हणतात. 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' ही लाइन आली आणि माझं तोंडच उघडेना. वसईला गेलो तेव्हा मराठीत ट्राय केलं. तेही जमलं नाही. तिचा स्कॅन मी स्वतः बघितलाय, मीनल. ती कुणाची इच्छा होती म्हणू?"

मी कॅमेऱ्याच्या मागून हलले नाही.

"लॅटिन मिस्सेत ती प्रेयर एकटे फादर म्हणतात. आम्ही फक्त शेवटची लाइन म्हणायची, आम्हाला वाईटापासून सोडव. तेवढं मला म्हणता येतं. ही मिस्सा बंद झाली तर मी कुठे जाऊन उभा राहू?"

इतके गुरुवार आम्ही सहाव्या शतकात घालवले, याचा मला संताप आला.

"हे ठेवू या, काका. हेच ठेवू या."

"नको. काढून टाक. बिशप म्हणतील, या माणसाला देवाची इच्छाच मान्य नाही. आणि ते खरंच आहे."

फिलोमिनाकाकू चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. किती वेळ, कोण जाणे.

"अहो, आणि मला मान्य आहे म्हणून मी ती लाइन म्हणते, असं वाटलं तुम्हाला?" त्यांचा आवाज अजिबात चढला नाही. "चारजण म्हणत असतात, त्यात माझंही निघून जातं. एकटीला मलाही नसतं जमलं."

काकांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग शर्टाचा माइक काढून माझ्या हातात दिला. एका घरात राहून दोघांनी हे एकमेकांपासून लपवलं होतं आणि ते ऐकायला मी परकी तिथे उभी होते. मला फार अवघडल्यासारखं झालं. चहा न घेताच निघाले.

फिल्म झाली, जेराल्डच्या सगळ्या शतकांसकट. काकांचं मराठी बोलणं त्यात नाही. त्यांच्या सांगण्याप्रमाणे मी काढलं. बघणाऱ्यांत निम्मे आम्हीच होतो. बिशपांकडून आभार आले आणि नोव्हेंबरअखेर मिस्सा बंद झाली.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी दुपारी मी काकूंना फोन केला. काका कसे आहेत, हे विचारायलाही भीती वाटत होती.

"आले होते सकाळी माझ्याबरोबर," काकू म्हणाल्या. "त्या लाइनला थांबले."

"मग?"

"मग मीही थांबले."

"आणि?" मी विचारलं.

"आणि काय. आजूबाजूचे म्हणत होते की."