दादाचा ट्रक, फुटाला इंच

तार मंगळवारी आली. पोस्टमनने ती आबांच्या हातात दिली, आबांनी माझ्या हातात दिली, आणि मी वाचली. दादा गेला होता. त्याचा ट्रक दरीत पडला होता.

दादा फौजेत ड्रायव्हर होता. नव्वदच्या दशकाची ती अखेरची वर्षं. मी हिंगोलीच्या कॉलेजात बी. ए. करत होते आणि सेनगावजवळच्या आमच्या गावाहून एसटीने जाऊन-येऊन होते. आबा सुतार. आमच्या आणि आसपासच्या पाच-सात गावांतल्या बहुतेक बैलगाड्या त्यांच्या हातच्या. आई आधीच वारली होती. तेव्हा तार आल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो.

महिन्याभराने दादाची काळी पत्र्याची पेटी आली आणि एक पत्र आलं. पत्र इंग्रजीत होतं. मी ते आबांना मराठीत सांगितलं.

"चढावर का उतारावर?" आबांनी विचारलं.

"चढावर. वळणावर."

"भरलेली व्हती?"

"व्हय. सामान होतं असं लिहिलंय."

"काय सामान?"

"ते न्हाई लिहिलं, आबा."

त्यांनी पत्र परत वाचायला लावलं. मग घडी घालून स्वतःच्या टोपीत ठेवलं. मला वाटलं, त्यांना मुलाच्या शेवटच्या दिवसाबद्दल जे मिळेल ते हवं आहे. चढ-उताराचा प्रश्न मला तेव्हा वेगळा वाटला नाही.

पेटीत एक फोटो होता. ट्रक आडवा उभा, आणि बॉनेटला टेकून दादा. फोटो काढणाऱ्याचं लक्ष दादाकडे असावं, कारण मागच्या चाकाच्या मागचा सगळा ट्रक कापला गेला होता. आबांनी एका सकाळी तो फोटो रंध्याच्या बाकावर ठेवला आणि पट्टी लावली.

"हा किती उंच व्हता? बराबर सांग."

भरतीच्या कागदात पाच फूट सहा इंच लिहिलं होतं. फोटोत दादा अकरा सूत भरला. इंचाचे आठ भाग केले की त्यातला एक म्हणजे सूत. सुतार त्याच भाषेत बोलतात. म्हणजे फोटोतले दोन सूत हा खरा एक फूट. दादाला मोजपट्टी करून आम्ही ट्रकचं चाक मोजलं, दार मोजलं, बॉनेट मोजलं. आबा आकडा सांगायचे, मी वहीत लिहायचे.

"फुटाला इंच धरू," आबा म्हणाले. "दोन हातांत मावंल."

मला गणित कधी आवडलं नव्हतं. पण ह्या गणितात मी रमले, हे आज लिहिताना थोडं अवघड वाटतं. चाकाची उंची दादाच्या मांडीच्या मध्यापर्यंत येते, दाराची कडी त्याच्या खांद्याला लागते, असं एकेक कळत गेलं. तो जिवंत असताना त्याच्या गाडीबद्दल मी एकही प्रश्न विचारला नव्हता.

चाकं बाभळीची झाली, सांगाडा सागाचा. मागचं छत दादाच्या जुन्या हिरव्या पिशवीच्या कापडाचं. लोकांना हे दिसत होतंच. एक गाडीवाले काका चाकाचा तुटलेला आरा बदलायला आले आणि बाकावर बघून म्हणाले, "काहून हो मिस्त्री, आता बैलांबिगर गाड्या करून राहिले का?"

"बैल मिळून राहिला न्हाई," आबा म्हणाले. "तुमी येता का जुपायला?"

काका हसले, मग आपण कुठे हसतोय हे लक्षात येऊन चाक उतरवायला वळले.

अडचण मागच्या भागाची होती. फोटोत तो नव्हताच. चाकाच्या मागे ट्रक किती लांब असतो? आबा म्हणाले, अंदाज नको. म्हणून मी वसमतला मावशीकडे गेले तेव्हा हळदीच्या बाजारात उभे असलेले ट्रक मोजले. माझ्याजवळ शिवणकामाची टेप होती. एका ट्रकच्या सावलीत ड्रायव्हर जेवत बसला होता.

"ताई, ट्रकला झंपर शिवता का?" त्याने विचारलं.

शेजारचा क्लीनर म्हणाला, "कापड लई लागंल पण."

मी काय करतेय ते सांगितलं. दादाचं नाही सांगितलं, नुसतं लाकडी ट्रक करायचा आहे म्हणाले. त्याने हात धुतले, उठला आणि टेपचं दुसरं टोक धरलं. चार ट्रक मोजले. मागे कुठे पाच फूट, कुठे साडेपाच. मी आबांना साडेपाच सांगितले.

मग राहिला माल. काय भरलं होतं ते ठाऊक नव्हतं, म्हणून आबांनी नुसत्या बंद पेट्या केल्या. लिंबाच्या लाकडाच्या, दोन इंच लांब, भरीव, बावीस पेट्या. प्रत्येकीच्या कडा त्यांनी काचेच्या तुकड्याने घासल्या. एका रविवारी दुपारी सगळा ट्रक जुळला. आबांनी बाकावर एक फळी तिरकी लावली, ट्रक तिच्यावर चढासारखा ठेवला आणि पेट्या भरायला लागले. आखावर आधी, मग मागे. सोळावी पेटी ठेवली आणि ट्रकची पुढची दोन्ही चाकं फळीवरून वर उचलली गेली.

"उलाळली," आबा म्हणाले.

बैलगाडीत वजन फार पुढे गेलं तर बैलांच्या मानेवर येतं. फार मागे गेलं तर गाडी उलाळते. जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. म्हणून वजन आखावर, म्हणजे चाकांमधल्या दांड्यावर घ्यायचं आणि पुढचा भाग हलका ठेवायचा. आमच्या घरात हे चालायला लागायच्या आधी शिकवलं जात असावं.

आबांनी पेट्या उतरवल्या. हत्यारं पुसली, पेटीत ठेवली. मग माझ्याकडे न बघता बोलले.

"दिवाळीला आला व्हता तवा म्या सांगितलं त्याला. वजन आखावर घे, पुढं मोकळं ठेव, गाडी हलकी चालती. त्यानं माझं कवा टाळलं न्हाई."

तेव्हा मला चढ-उताराचा प्रश्न कळला. पुढची चाकं हलकी झाली की स्टिअरिंग धरत नाही, हे कोणाकडून तरी त्यांनी विचारून घेतलं होतं. हा ट्रक ते आठवणीसाठी करत नव्हते. आपण मुलाला मारलं का, हे त्यांना बघायचं होतं.

त्या दिवसापासून त्यांनी ट्रकला हात लावला नाही. नव्या गाडीचं कामही घेतलं नाही. फळी तशीच तिरकी राहिली. मी कॉलेजच्या वाचनालयात मोटारींवरची पुस्तकं शोधली; एक मिळालं, त्यात फौजेचा ट्रक नव्हता. पत्रावरच्या पत्त्यावर मी पत्र लिहिलं. इंग्रजीत, तीनदा खोडून. विचारलं की माल काय होता आणि तो कोणी भरला. उत्तर आलं नाही. माणूस आला.

उन्हाळ्यात आला. आमच्या गावापासून दोन कोसांवरच्या तांड्यावरचा, दादाच्याच तुकडीतला ड्रायव्हर. सुटी मिळताच आलो म्हणाला. माझं पत्र तिकडे सगळ्यांनी वाचलं होतं. आबांच्या पाया पडला आणि बाकाकडे बघत राहिला.

"मामा, हे तुमी केलं?"

"केलं. उलाळून राहिलं."

"म्हंजे?"

आबांनी पेट्या भरून दाखवल्या. चाकं वर उचलली गेली. तो खाली वाकला, ट्रक डावीकडून पाहिला, उजवीकडून पाहिला आणि बोटाने बॉनेटवर टिचकी मारली. पोकळ आवाज आला.

"मामा, इंजिन कुठंय?"

आबांनीही बॉनेटवर टिचकी मारून पाहिली.

"हितं इंजिन असतंय. सहा माणसांना हलत न्हाई एवढं. तुमच्या गाडीत पुढं काहीच न्हाई, मग ती उचलणारच की."

जन्मभर आबांनी पुढे काहीच नसलेल्या गाड्या केल्या होत्या. ओढणारा बाहेर असायचा, स्वतःच्या पायांवर. मीही वसमतला चार ट्रक मोजले आणि चारही वेळा मागे उभी राहिले.

आबांनी विचारलं, "भरतं कोण?"

"डेपोतले लोक. आमाला हात लावू देत न्हाईत. तक्ता असतोय, त्यापरमानं."

"चढावर त्याची पुढची चाकं उचलली व्हती का? खरं सांग, लेका."

"म्या त्याच्या मागं दुसऱ्या गाडीत होतो. न्हाई, मामा. चाकं बराबर रस्त्यावर होती. रस्ताच खचून गेला."

आबा खाली बसले. मी पाणी आणलं. त्यांनी ते त्याला आधी दिलं. मग म्हणाले, "आन् पेट्यांत काय व्हतं?"

"अंडी."

"अंडी?"

"व्हय. गवतात घालून. वर लई थंडी, जवानांना लागतात. तो लई हळू चालवायचा, एक फुटायचं न्हाई. आमी म्हणायचो, हा अंड्यांवर खुडूक बसलेली कोंबडी हाये."

आबा हसले. तार आल्यापासून पहिल्यांदा हसले आणि हसता हसता त्यांनी टोपी काढून तोंडावर धरली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका मोडक्या बैलगाडीच्या लोखंडी आखाचा तुकडा कापला आणि बॉनेटमध्ये बसवला. बावीसपैकी एक पेटी फोडून तिच्या जागी पट्ट्यांची, उघडणारी पेटी केली. तिच्यात भुसा आणि बारा अंडी, सागाच्या ढलप्या घासून केलेली, ज्वारीच्या दाण्याहून किंचित मोठी. हे फुटाला इंचाच्या हिशोबात बसत होतं का, हे मी मोजलं. बसत होतं. मग त्यांनी ट्रक त्याच फळीवर ठेवला आणि बावीसच्या बावीस पेट्या भरल्या. चाकं खाली राहिली. आबांनी खात्रीसाठी चाकाखाली कागद सरकवून पाहिला. गेला नाही.

नंतरची सात-आठ वर्षं ते गाड्या करत राहिले. ट्रॅक्टर वाढले तशा गाड्या कमी झाल्या. कोणी मुलाबद्दल विचारलं तर सांगायचे, "अंडी न्यायचा, वर, जवानांना." चढाबद्दल पुन्हा बोलले नाहीत.

आबा गेल्यालाही आता वर्ष झालं. मी शाळेत शिकवते, सेनगावला खोली करून राहते. पुस्तकांच्या कपाटावर ट्रक आहे. हिरवं कापड विटलं आहे. बावीस पेट्या आहेत आणि बारातली अकरा अंडी आहेत; एक कधी हरवलं ते कळलं नाही. पुढची चाकं टेकलेली आहेत.