सबवूफरची पाठ

होम थिएटर बसवायला आलेल्या माणसाने सबवूफरच्या, म्हणजे खर्ज घुमवणाऱ्या त्या डब्याच्या, मागून माझ्या स्टिरिओच्या वायरी उपसल्या आणि निवडलेल्या भाजीची देठं द्यावीत तशा माझ्या हातात दिल्या. "काकू, ह्या आता लागणार नाहीत. सबवूफर एकालाच जोडता येतो." ह्यांनी मान डोलावली. स्टिरिओ माझा, रोज दुपारी त्यावर तबला ऐकते ती मी, आणि परवानगी दिली ह्यांनी!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. घरात नवं काही आलं की कुणाच्या वस्तूने उठायचं, हे इतकं ठरलेलं कसं असतं? माझं शिवणाचं मशीनही असंच माळ्यावर गेलं. "आता कुठे लागतं ते," असं तेव्हाही म्हणाले होते. लागत होतं. मला लागत होतं.

तो माणूस गेल्यावर मी बटणं बंद केली, टॉर्च घेऊन फरशीवर आडवी झाले आणि त्या डब्याची पाठ पाहिली. वर स्टिरिओच्या वायरींसाठी जागा होती, खाली होम थिएटरच्या पिनेसाठी वेगळी. दोन्ही एकदम जोडता येतात, असं माहितीपुस्तकात चित्रासकट छापलेलं होतं. बनवणाऱ्याने, कुठला कोण, दोघांचा विचार केला होता. माझ्याच घरात तो कुणाला सुचला नाही.

होम थिएटरची पिन तशीच ठेवून मी वायरी जोडल्या आणि तबला लावला. डग्गा घुमला तसे हे आतून बाहेर आले.

"अरे वा, दोन्ही चालतंय की! कुणाला बोलावलं होतंस?"

मी आवाज वाढवला.