घाट रिकामा झाला तो सोमवार

देवापुढं उभं राहूनही मन भीतीनं गोठलेलं असू शकतं, हे मला त्या सोमवारी कळलं.

माझा मोठा भाऊ लष्करातून परतला तो गप्प होऊन. बंद दाराआड, छताखाली त्याचा जीव घुसमटायचा. एके दिवशी तो आमचं वडूजचं घर सोडून गेला आणि पुष्कळ शोधल्यावर कृष्णाकाठच्या एका गावी, घाटावर सापडला. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. किती विनवलं तरी तो घरी येईना. मग दर सोमवारी एसटीनं भाकरी घेऊन जायचं, घाटावरच्या महादेवापुढं 'दादाला घरी पाठव' एवढंच मागायचं आणि परतायचं, असा माझा नऊ वर्षांचा नेम झाला.

गेल्या वर्षी घाटावर मुक्कामाला मनाई असल्याची नोटीस लागली. दादासारखी पंधरा-वीस निराधार माणसं तिथं राहत होती. एका वकीलबाईंनी त्यांच्या वतीनं कोर्टात दाद मागितली. इथून उठवलं तर दादा पुन्हा हरवेल, आणि या वेळी सापडणार नाही, असंच प्रत्येक तारखेला वाटायचं. शेवटी निकाल लागला. राहण्याची दुसरी सोय केल्याशिवाय कोणालाही उठवता येणार नाही, असं कोर्टानं सांगितलं. वकीलबाईंचा आवाज फोनवर आनंदानं भरून आला होता. पावसात भिजणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना आसरा मिळणार होता. मला मात्र त्या निकालात एकच शब्द ऐकू येत होता, छत. दादा ज्याच्यापासून पळाला होता, तेच.

पुढच्या सोमवारी पोचले तर घाट रिकामा होता. पायऱ्या धुऊन काढलेल्या. दादाची पथारी नव्हती. बेलफुलं विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "सकाळी गाडी आली व्हती. समद्यांस्नी निवाऱ्यात न्हेलं. तुमचा भाऊ काय गाडीत चढला न्हाई. चालत गेला, पर कुनीकडं ते म्या न्हाई बघितलं."

मी गाभाऱ्यात गेले, पण नेहमीचं मागणं ओठावर येईना. "मला काही सुचत नाही. तूच बघ," एवढंच बोलले आणि बाहेर पडले. निवाऱ्यातल्या कुणाला काही ठाऊक असेल, या आशेवर गावाबाहेरच्या जुन्या शाळेत तो निवारा केला होता, तिकडं निघाले. वाटेत नदीकडं बघायचीही भीती वाटत होती.

फाटकाशी दादा उभा होता. पाठ ताठ, दाढी केलेली.

मी तिथंच मटकन खाली बसले. आतून एक पिकल्या केसांचे गृहस्थ पाणी घेऊन आले. निवाऱ्याची देखभाल तेच करत होते. "आवं ताई, घाबरू नगा. सकाळी गाडीसंगं मीच गेलतो. तुमचं भाऊ गाडीत चढंनात, पर हुभं राह्यलं ते पाय जुळवून. मी बी फौजेतला. लगेच वळखलं. म्हनलं, फाटकावर मानूस पायजे, ड्यूटी कराल का? तसं माझ्यासंगं चालत आलं."

"आणि रात्री?" मी विचारलं.

"खाट व्हरांड्यात टाकतो की. दार न्हाई, काय न्हाई."

मी भाकरीचं फडकं दादापुढं धरलं. त्यानं ते घेतलं नाही. "आत म्हाताऱ्या हायत," तो म्हणाला. "त्यांना दे आधी." कित्येक वर्षांनी मी त्याच्या तोंडून सबंध वाक्य ऐकलं.

त्या गृहस्थांना तिथं कुणी धाडलं, याचा मी खल करत बसत नाही. नऊ वर्षं मी देवाकडं मागत होते आणि कसं द्यायचं, कुठं द्यायचं, हेही त्याला मीच सांगत होते. हात टेकले, तेव्हा कुठं मला त्याचं देणं दिसलं. निकालाविरुद्ध वरच्या कोर्टात अपील झालंय म्हणतात. तारीख जवळ आली की निवारा जाईल या धास्तीनं अजूनही झोप उडते. तरी सोमवारी जाते. महादेवापुढं काही मागायचं सुचत नाही, म्हणून थोडा वेळ नुसती उभी राहते.