दाब, धर, सोड

मुनीरचाचा गाडीकडे कधी बघायचे नाहीत. आपण मोठ्या उत्साहानं बॉनेट उघडून उभं राहावं, तर हे पाठ फिरवून समोरच्या भिंतीकडे बघत उभे. "चालू कर," एवढंच म्हणायचे आणि मान जराशी तिरपी करायचे. अर्ध्या मिनिटानं गाडी बंद करायला सांगून दुखणं काय ते सांगायचे. ते सहसा चुकायचं नाही, आणि याचाच मला आधी राग यायचा. गणित शिकवणाऱ्या माणसाला पायऱ्या न मांडता आलेलं उत्तर सहन होत नाही.

शहागंजात त्यांचं गॅरेज होतं तेव्हाची गोष्ट. मी कॉलेजात नवा लागलो होतो आणि माझी मोटारसायकल खडखडत होती. तीन मेकॅनिकांनी तिचं पोट उघडून परत शिवलं होतं. चाचांनी एक लांब स्क्रूड्रायव्हर इंजिनाला टेकवला, त्याची मूठ कानाला लावली आणि मला विचारलं, "ऑइल कब बदला?" मी म्हणालो, दोन महिन्यांपूर्वी. त्यांनी मूठ कानावरून काढली नाही. "सर, गाडी झूट नाय बोलत. गाडीवाला बोलतो. ही म्हणती, साल होऊन गेलं." साल खरंच होऊन गेलं होतं. त्या दिवसापासून माझ्या सगळ्या गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या. ते मला 'सर' म्हणायचे आणि त्याच वाक्यात अरे-तुरेही करायचे, आणि ते दोन्ही मला आवडायचं.

पुढे रस्ता रुंद झाला आणि गॅरेज गेलं. चाचा पडेगावला घरी बसून राहतील असं वाटलं होतं, पण ते पत्र्याची पेटी मोपेडला बांधून घरोघर जाऊन कामं करू लागले. आमच्याच सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर खंडागळे राहतात. वेरूळला पर्यटक नेणाऱ्या त्यांच्या तीन गाड्या आहेत. त्या चाचांकडेच असायच्या आणि चाचांची चूल बरीचशी त्यांवर चालायची. खंडागळे सगळ्यांना सांगायचे, "मशीनला कळत नाही ते चाचाच्या कानाला कळतंय." चाचांचं सगळं नाव त्या कानावर उभं होतं.

आता माझ्या मूर्खपणाकडे येतो. पन्नाशीनंतर माणसाला देवधर्म सुचतो, मला स्पोर्ट्स कार सुचली. जुनी, लाल, दोन दारांची आणि इतकी बुटकी की बसताना बसलो की पडलो हे कळत नाही. बायको एकदाच बसली आणि म्हणाली, "भाजीची पिशवी ठेवायला जागा नाही, आणि म्हणे गाडी." महिनाभरात गिअर टाकताना दात खाल्ल्यासारखा आवाज येऊ लागला. क्लचच्या तेलाच्या डबीचं झाकण उघडलं तर आत सर्दीचा काढा असावा तसं काळं पाणी.

हे तेल बदलणं म्हणजे फार मोठी विद्या नाही. क्लचचं पेडल दाबलं की नळीतलं तेल पुढे ढकललं जातं आणि त्या तेलाच्या जोरावर क्लच सुटतो. तेल जुनं झालं की वरून नवं ओतत जायचं आणि गाडीखालच्या एका बारीक निपलमधून जुनं काढत जायचं. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं खाली निपल उघडून बंद करायचं आणि मगच वरच्यानं पाय उचलायचा. निपल उघडं असताना पाय उचलला की बाहेर काढलेली घाण हवेसकट परत आत. व्हिडिओतल्या माणसानं हे वीस मिनिटांत केलं, आणि त्याच्या पांढऱ्या बनियनवर डागसुद्धा नव्हता.

मी बायकोला पेडलवर बसवलं. दहा मिनिटांत आमच्या संसाराची पंचवीस वर्षं निघाली, तेल मात्र निघालं नाही. पेडल जमिनीला चिकटून बसलं ते वर येईना. ती उतरून गेली आणि मी चाचांना फोन लावला. अलीकडे त्यांचा फोन चाचीच उचलायच्या. मी म्हणालो, रविवारी सकाळी पाठवा.

रविवार निवडताना मी एक गोष्ट विसरलो. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून एकदा येतं, आणि त्या आठवड्यात ते रविवारी आलं. सगळी सोसायटी पार्किंगमध्ये पाइप, ड्रम आणि पाणी ओढायच्या मोटारी घेऊन हजर. आठ-दहा मोटारी एका सुरात भणभणत होत्या. त्यांच्या मधोमध आमची लाल गाडी लाकडी फळ्यांवर चढवून, घोड्या लावून उभी, आणि येणारा-जाणारा विचारणार, "काय सर, बिघडली का?" मी चौदा वेळा हो म्हणालो.

चाचांनी आल्यावर गाडी चालू करायला लावली, स्क्रूड्रायव्हर काढला आणि इंजिनाला टेकवला, पण मूठ कानाला न लावता दातांत धरली. मला वाटलं, म्हातारपणाची काहीतरी नवी लहर असेल. मग सलाईनची एक स्वच्छ धुतलेली नळी निपलला लावली, तिचं दुसरं टोक ड्रायव्हरच्या दाराशी ठेवलेल्या बाटलीत सोडलं आणि गाडीखाली सरकता सरकता मला कायदा सांगितला. "मी म्हणणार 'दाब', तू दाबायचं. मी म्हणणार 'धर', तू धरायचं आणि 'धरलं' म्हणायचं. 'धरलं' आल्याबिगर मी पाना फिरवत नाय. 'सोड' म्हणल्याबिगर पाय उचलायचा नाय."

"बरं."

"आवाज खुल के दे. तोंडातल्या तोंडात बोलायलास."

"बरं म्हटलं, चाचा!"

"हौ, असा."

सुरू झालं. दाब, धर, धरलं, सोड. दाब, धर, धरलं, सोड. बाटलीत काळं तेल साचू लागलं. पण विसेक वेळा झाल्यावर माझी पोटरी भरून आली आणि ओली चप्पल पेडलवरून सरकू लागली. मी ओरडलो, "थांबा चाचा, पाय निसटतोय!" खालून पाना फिरल्याचा आवाज आला, माझा पाय सुटला आणि बाटलीतलं काळं तेल नळीतून उलटं वर चढताना मी डोळ्यांनी पाहिलं. तासाभराची मेहनत दोन सेकंदांत परत गाडीच्या पोटात.

चाचा म्हणाले, "कायकू सोडला?" मी म्हणालो, थांबा म्हटलं होतं. ते म्हणाले, "जल्दी नक्को करू सर. घाईनं हवा आत जाती, बाहेर येत नाय." म्हणजे चूक माझीच. पुन्हा पहिल्यापासून. अर्ध्या तासानं पुन्हा तेच झालं. या वेळी डबीतलं तेल तळाला गेलं होतं, म्हणून मी तीन वेळा "थांबा" म्हणालो, तरी निपल उघडलं आणि वरून हवा आत गेली. माझ्या डोक्यात मोटारींची भणभण, शर्टाला तेल, आणि बाजूला ड्रमवर बसून कुणीतरी म्हणतंय, "शोरूमला द्यायची ना सर."

तिसऱ्यांदा मी पेडल दाबलं आणि ते स्पंजासारखं लागलं. हवा अजून होती. मी म्हणालो, "चाचा, थांबा जरा." खालून आवाज आला, "धर." मी पुन्हा म्हणालो, "अहो थांबा." खालून, "हां, धर." तेव्हा माझं टाळकं सरकलं. डोकं दाराबाहेर काढून मी छातीत होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो, "चाचा, बहिरे झालात का तुम्ही?"

आमच्याकडे हे वाक्य घरोघर दिवसातून चार वेळा बोललं जातं. आई मुलाला म्हणते, बायको नवऱ्याला म्हणते, कुणी मनावर घेत नाही. पण मी तोंड उघडायला आणि लाइट जायला एकच गाठ पडली. सगळ्या मोटारी एकदम बंद झाल्या आणि त्या शांततेत माझं वाक्य गच्चीपर्यंत गेलं. सगळ्यांनी वळून पाहिलं. आणि गाडीखालून चाचांचा प्रसन्न आवाज आला, "हौ, शाब्बास. अब सोड."

आधी लोक हसले. मग हसू थांबलं. खंडागळे हातातला पाइप टाकून पुढे आले, गाडीमागे उकिडवे बसले आणि साध्या आवाजात म्हणाले, "चाचा?" काही नाही. जरा मोठ्यानं, "ओ चाचा." काही नाही. मग त्यांनी टाळी वाजवली. चाचांचे पाय गाडीबाहेर होते, अंगठासुद्धा हलला नाही. मला म्हणता आलं असतं की खंडागळे, उठा, हे काय चालवलंय. मी पेडलवर पाय ठेवून बसून राहिलो.

चाचा बाहेर सरकले ते सोड म्हणूनही पेडल का सुटत नाही हे बघायला. उठून बसले तर दहा-बारा तोंडं त्यांच्याकडे लागलेली. त्यांनी एकेक तोंड पाहिलं, शेवटी माझं पाहिलं. कुणी काही सांगायची गरज पडली नाही. खिशातलं फडकं काढून त्यांनी हात पुसले, एकेक बोट वेगळं पुसलं. मग मला म्हणाले, "तेल वरपर्यंत भर, सर. काम पुरं करू."

पुढचा तासभर त्यांनी एकदाही 'धर' म्हटलं नाही की मला 'धरलं' म्हणायला लावलं नाही. गाडीच्या तळाला पान्यानं एक ठोका म्हणजे दाब, दोन ठोके म्हणजे सोड. मी वाकून खाली पाहिलं तेव्हा मला कळलं. त्यांचा डावा पंजा क्लचच्या दांडीवर होता. मी वर पेडल दाबलं की ती दांडी त्यांच्या तळव्यात सरकत होती. माझ्या 'धरलं'ची त्यांना कधीच गरज नव्हती. ते म्हणायला लावत होते ते आपल्याला ऐकू येतंय असं मला वाटावं म्हणून. सगळं दाबताना बरोबर चालायचं, फक्त 'थांबा' तेवढं तळव्याला कळत नव्हतं. स्क्रूड्रायव्हर दातांत का होता, तेही तेव्हा कळलं. कान जेवढं देत नव्हता तेवढं ते दातांनी ओढून घेत होते.

तेल मधाच्या रंगाचं यायला लागलं. पेडल खाली जाऊन वर आलं, घट्ट आणि एका चालीत. इतकं चांगलं काम मी शोरूममध्येही पाहिलेलं नाही. चाचांनी बंपरवर उडालेला थेंब पाण्यानं धुतला, कारण ते तेल रंग खातं, आणि पेटी मोपेडला बांधली. खंडागळे तोवर वर गेले होते.

पुढच्याच आठवड्यात खंडागळेंच्या तिन्ही गाड्या दुसऱ्या गॅरेजला लागल्या. मी जिन्यात विचारलं तर म्हणाले, "माणूस लई चांगला हो सर, पण माझ्या गाडीत पब्लिक बसतंय. कानच गेला तर काय राहिलं?" मी म्हणालो, तुमच्या गाड्या इतके दिवस त्यांनी बहिऱ्या कानानंच सांभाळल्यात की. ते म्हणाले, "ते मला माहीत नव्हतं तवर ठीक होतं." आणि बोलणारा मी कोण? गुलमंडीपासून पडेगावपर्यंत ज्याच्या त्याच्या तोंडी झालं, मुनीर बहिरा झाला. कुणी वाईट बोलत नव्हतं. सगळे हळहळत होते आणि गाड्या दुसरीकडे नेत होते.

दीड महिन्यानं कळलं की चाचा सामान आवरून जालन्याला लेकीकडे निघालेत. मी त्याच लाल गाडीतून पडेगावला गेलो. अंगणात बाजेवर शेजारची तीन-चार माणसं बसली होती, पेटी विकत घ्यायला कुणी आलं होतं. चाचांनी मला शेजारी बसवून घेतलं. चाचींनी चहा आणला. मी पाठ करून आलो होतो ते सगळं बोललो. म्हणालो, त्या दिवशी मी जे बोललो ते तोंडातून गेलं, तसं मनात नव्हतं. तुमची रोजी माझ्यामुळे गेली. मला रात्री झोप लागत नाही. मला माफ करा. बोलताना बाजेवरची माणसं तिथंच होती, म्हणून आवाज आपोआप खाली गेला. चाचा माझ्या तोंडाकडे एकटक बघत होते, मधे मधे मान हलवत होते.

माझं संपलं तशी त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "पेडलचं ना? बिनघोर राहा सर. अब दोन साल उसको देखना नक्को."

चाची दारातून बघत होत्या, त्यांना सगळं ऐकू गेलं होतं. पुन्हा बोलायला हवं होतं, मोठ्यानं, त्या दिवशी ओरडलो होतो तसं. या वेळी मधे गाडी नव्हती, कानाशी ओरडलो असतो तर चाचांना ऐकू गेलं असतं. पण बाजेवरच्या चौघांनाही गेलं असतं. मी म्हणालो, "हो चाचा, पेडल एकदम ठीक आहे," आणि चहा संपवून उठलो.