खिळ्यावरची किल्ली

पॅसेंजरचं इंजिन सिग्नलच्या आत शिरलं आणि तेव्हा कुठे मला दिसलं, की सांध्याची चकती फिरलेलीच नाही.

सांधा म्हणजे रूळ दोन वाटांना फुटतो ती जागा; चकती म्हणजे तिथल्या दांड्यावरचं पत्र्याचं ताट. ते पांढरं, भरून दिसलं की सांधा मेन लाईनला. नुसती कड दिसली की लूपला, म्हणजे बाजूच्या रुळाला. मला कड दिसत होती. लूपवर मालगाडी उभी होती, तिच्या इंजिनापाशी आम्ही अकरा बायका घडे-कळशा घेऊन... आणि समोरून पॅसेंजर, आमच्याच रुळाला लागणारी. ‘सांधा मेनला आहे, सिग्नल पाडा’ असा हात स्टेशनमास्तरला मीच केला होता. न बघता.

तुम्ही लोक इथे भुताखेताचं लिहिता. मी चौथी शिकलेली बाई, पण अंगात येणाऱ्या बायकांना मी पहिल्यापासून हसत आले. आजही हसते. तरी हे लिहिते आहे, कारण त्या दिवसाचं खरं सांगणारं आता माझ्याशिवाय कोणी उरलं नाही.

श्रीगोंदे तालुक्यातलं, दौंड-नगर लाईनवरचं एक बारकं स्टेशन. दुष्काळाचं दुसरं साल, मे महिना. माझा नवरा तिथे सांधेवाला होता. लाईन एकेरी. दोन गाड्या समोरासमोर आल्या की एक लूपवर बाजूला घ्यायची, दुसरी मेनवरून सोडायची. कुठली गाडी कुठल्या रुळाने जाणार हे आमच्याकडचा सिग्नल सांगत नसे. त्याला एकच हात. तो खाली पडला म्हणजे ‘ये’, एवढंच. ड्रायव्हर ये म्हटलं की येतो. मेनला जाईल की लूपला, ते सांधेवाल्याने ठरवायचं.

म्हणून नियम असा होता : सांधेवाल्याने दांडा ओढून सांधा फिरवायचा, कुलूप लावायचं आणि त्या कुलपाची किल्ली स्वतः चालत आणून मास्तरला द्यायची. ती किल्ली लागल्याशिवाय सिग्नल पाडायचा दांडा हलायचा नाही. किल्ली आली म्हणजे सांधा खरोखर लागला. साधी गोष्ट.

पण त्या वर्षी उन्हात चालवत नव्हतं. मास्तरने एक जादाची किल्ली ड्रॉवरमध्ये करून ठेवली होती. स्टेशनातून नगरकडचा सांधा वळणामुळे दिसायचा नाही, म्हणून वळणावर कोणीतरी उभं राहायचं. बहुतेक मीच. नवरा सांध्यावरून हात करी, तो बघून मी मास्तरला हात करी, मास्तर जादाच्या किल्लीने सिग्नल पाडी. खरी किल्ली मागाहून सावकाश यायची. दोन महिने असं चाललं. काही झालं नाही. काही होत नाही तोवर सगळेच शहाणे असतात.

माझे सासरे असते तर त्यांनी हे होऊ दिलं नसतं. तेही त्याच स्टेशनावर सांधेवाले. त्यांच्या तरुणपणी एकदा त्यांनी मास्तरच्या हातात किल्ली दिली, मास्तरने दुसऱ्याच गाडीला सिग्नल दिला, आणि चौकशीत म्हणाला, मला किल्ली मिळालीच नाही. सासऱ्यांना शिक्षा झाली. तेव्हापासून रिटायर होईपर्यंत त्यांनी कुठल्याही मास्तरच्या हातात किल्ली दिली नाही. ऑफिसच्या चौकटीवर स्वतः एक खिळा ठोकला होता. त्यावर अडकवायचे आणि मोठ्याने ओरडायचे, “किल्ली खिळ्याला!” मी एकदा विचारलं, मामा, हे काय पोरासारखं? तर म्हणाले, “हातात दिलेली किल्ली मानूस नाकारतो. खिळा न्हाई नाकारत.”

आणखी एक सवय. कुलूप लावलं की किल्लीने रुळावर दोन ठोके. टण, टण. क्वार्टरमध्ये चुलीपाशी ऐकू यायचे. माझ्या नवऱ्याने ती कधी उचलली नाही. म्हणायचा, म्हाताऱ्याचे चाळे. सासरे जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. खिळ्यावर मास्तरने कॅलेंडर टांगलं होतं.

त्या दुपारी दौंडकडून मिलोची, म्हणजे रेशनच्या परदेशी ज्वारीची, मालगाडी यायची होती. तिला लूपवर घेऊन नगरकडून येणारी पॅसेंजर मेनने सोडायची. सकाळची गाडी लूपवरून नगरकडे गेली होती, त्यामुळे नगरकडचा सांधा लूपलाच होता. नवरा दीडच्या सुमाराला तो फिरवायला गेला. जाताना म्हणाला, “डोकं लई ठनकतंय.”

मी म्हणाले, “रोजच ठनकतं. जावा आता.”

हे आमचं शेवटचं बोलणं.

मालगाडी लागली. तिचं इंजिन वळणापर्यंत येऊन थांबलं. त्या वर्षी आडात चिखल होता. मालगाडीचा ड्रायव्हर भला असला तर इंजिनाचं पाणी पाईपने सोडायचा. गरम, तेलकट, पण पाणी. स्टेशनातल्या आणि वाडीतल्या बायका रांग लावायच्या. माझा नंबर आला आणि तेवढ्यात पॅसेंजरची वेळ झाली. प्लॅटफॉर्मच्या टोकाला मास्तर हिरवी झेंडी धरून माझ्याकडे बघत उभा.

“अगं ए सांधेवालीन,” मागून गेटमनची शेवंता ओरडली, “भरती का न्हाई? का मास्तरला डोळं मारतीस?”

बायका हसल्या. “तुझी कळशी फुटली व्हय गं? गप ऱ्हा की!” मी म्हणाले. पाईप सोडला असता तर नंबर गेला असता. सांध्याकडे दहा पावलं पुढे जाऊन बघायला हवं होतं. मी एका हाताने कळशी धरली आणि दुसरा हात वर केला. मास्तर आत गेला. सिग्नल पडला.

कळशी भरून उतरवली, मग दहा पावलं पुढे गेले. कड दिसत होती. पॅसेंजर सांध्यापासून शे-दीडशे पावलांवर. मी ओरडले की नाही, आठवत नाही. वाफेच्या आवाजात कोणाला ऐकू गेलं नसतं.

मग टण, टण.

आणि चकती फिरली. माझ्या डोळ्यांसमोर कडेची पांढरी झाली. सांध्यापाशी कोणी नव्हतं. तो दांडा ओढायला गडी आडवा व्हावा लागतो... तिथे कोणी नव्हतं. पॅसेंजर मेनला लागली आणि आमच्या अंगावर धूळ उडवत निघून गेली. शेवंता म्हणाली, “मेली, किती जोरात आनली!” आणि तिने तिचा घडा पाईपाखाली लावला.

मी सांध्याकडे पळाले. सांधा मेनला, कुलूप लावलेलं, किल्ली काढून नेलेली. नवरा तीस पावलं अलीकडे रुळालगतच्या चारीत पालथा पडला होता. सांध्यापर्यंत तो पोचलाच नव्हता. तोंडाला मुंग्या लागल्या होत्या. संध्याकाळी दौंडहून डॉक्टर आला. म्हणाला, ऊन लागलं, दीड-दोनच्या दरम्यानच गेला असावा. पॅसेंजर अडीचला गेली. मुंग्या लागलेला माणूस सांधा ओढत नाही.

किल्ली त्याच्या खिशात नव्हती. ऑफिसच्या चौकटीवर होती, सासऱ्यांच्या खिळ्याला, कॅलेंडरच्या दोऱ्यावर अडकवलेली. मास्तर दारातच बसून होता. “बाई, इथून कोणी आत आलं नाही,” तो म्हणाला. मग, “मी तुमच्या हाताचं काढत नाही. तुम्ही जादाच्या किल्लीचं काढू नका.”

मी काढलं नाही. कागदावर लिहिलं गेलं की सांधेवाल्याने सांधा लावला, किल्ली जागेवर दिली आणि परत जाताना उन्हाने पडला. लोक म्हणाले, काय कर्तव्याचा माणूस. मी मान हलवत राहिले. मास्तरची पुढे बदली झाली, आता तो नाही. शेवंता नाही.

कोणी म्हणेल, सासऱ्यांनी वाचवलं. एका बाईला मी फक्त त्या दोन ठोक्यांचं बोलले होते, तर तिने मला त्यांच्या फोटोला हार घालायला सांगितलं. मी घातला नाही. ते होते की नव्हते, मला माहीत नाही, पन्नास वर्षं विचार करून कळलेलं नाही. असलेच, तर त्यांना सांधा दिसला, कुलूप दिसलं, खिळा दिसला. तीस पावलांवर पोटचा पोर उन्हात पडला होता, त्याला बाभळीखाली ओढायचं त्यांना सुचलं नाही. मला तरी कुठे बघायचं सुचलं? माझी कळशी भरायची होती.

पॅसेंजरमधली सगळी माणसं वाचली. रांगेतल्या आम्ही अकराही जणी वाचलो. माझा नवरा वाचला नाही.