दाराबाहेरचे बूट

नागपूर स्टेशनवर गाडी हलायच्या बेतात होती, तेव्हा बाबांनी खिडकीतून माझ्या पायांकडे बोट दाखवलं. "बूट जपजो गा. सदर बाजारातून घेतले हायेत."

बाबा कापडगिरणीत कामाला. आमच्या घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि रशियन शिकायला वर्षभर रशियात जाणारा तर आख्ख्या वस्तीत पहिला. आईनं ऑगस्टच्या उकाड्यातही मला स्वेटर घालायला लावला होता. घामाघूम होऊन मी हात हलवत राहिलो.

ज्या शहरात मी राहिलो त्याचं नाव इथं लिहीत नाही. का, ते पुढे कळेलच. रुंद रस्ते, चिनारासारखी उंच झाडं, ट्रामच्या घंटा आणि एक मोठी नदी. नोव्हेंबरात ती नदी गोठली आणि माणसं बर्फाला भोक पाडून मासे धरत बसली. जेवायला काळा आंबूस पाव, कोबीचं सार आणि काशा (भरडलेल्या धान्याचा मऊ भात). माझ्या खोलीतला दिवाकर नागपूरच्याच धंतोलीचा. त्यानं आणलेलं तिखट आम्ही काशावर भुरभुरायचो, म्हणून चार घास पोटात जायचे.

तिथं कुठल्याही सार्वजनिक इमारतीत कोट घालून आत जाता येत नाही. दाराशीच तो जमा करावा लागतो. आमच्या वसतिगृहात हे काम वेरा नावाच्या वयस्क बाईकडे होतं. सगळे तिला त्योत्या (मावशी) म्हणत. पहिल्याच दिवशी तिनं माझा कोट परत फेकला. "याला अडकवायचा बंद कुठाय? तुझी आई नाही का?"

"आई नागपुरात आहे," मी म्हणालो.

ती हसली नाही. पण संध्याकाळी कोट परत घेतला तर कॉलरला बंद शिवलेला होता.

एकदा माझ्या पाकिटातलं बुद्धाचं लहानसं चित्र तिला दिसलं. हे कोण, म्हणून तिनं विचारलं. मोडक्यातोडक्या रशियनमध्ये मी सांगितलं की छप्पन साली आमच्या गावात एका मोठ्या मैदानावर लाखो माणसांनी धर्म बदलला. त्यात माझे आईबाबाही होते आणि मी आईच्या कडेवर होतो.

"दिवसाढवळ्या?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि नंतर?"

"नंतर घरी आले."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी काही चुकीचं बोललो की काय असं मला वाटलं.

बर्फ वितळून रस्त्यांचा चिखल झाला, तेव्हा कोट देता देता ती हळूच म्हणाली, "रविवारी दुपारी माझ्या भावाकडे ये. हे सगळं आमच्या माणसांना सांग." मग तिनं लपवाछपवी न करता सांगितलं. ती ख्रिस्ती. सरकारनं मान्य केलेल्या चर्चमध्ये लहान मुलांना देवाचं नाव शिकवायला बंदी, म्हणून ही माणसं घरीच जमत. त्यासाठी तिचा भाऊ अलेक्सेई तीन वर्षं छावणीत सक्तमजुरी करून आला होता. पुन्हा सापडला तर शिक्षा याहून मोठी. "नाही आलास तरी मी रागावणार नाही," ती म्हणाली.

दिवाकरला कळलं तेव्हा तो उखडला. "काहून जाऊन राहिला गा तू? तुले नागपूरले परत धाडतील, अन् तुह्यासोबत मलेबी! तू काय किरिस्ताव होय का?"

"नाही."

"मंग?"

रविवारी मी गेलो.

ट्रामच्या शेवटच्या थांब्यापाशी एकसारख्या पाच मजली इमारती होत्या. वेरामावशीनं बजावल्याप्रमाणे मी एकटाच जिना चढलो. दार किलकिलं होतं. मी बाहेरच बूट काढले, भिंतीला टेकवून नीट जोडून ठेवले आणि आत शिरलो. कुणाच्याही घरी जाताना मी जन्मभर हेच करत आलो होतो.

आत पडदे ओढलेले, रेडिओ मोठ्यानं लावलेला. खोलीत माणसं दाटीवाटीनं बसली होती आणि रेडिओच्या आवाजाआड गात होती. गात होती म्हणजे ओठ हलत होते, आवाज श्वासाएवढाच. अलेक्सेई लांबोडक्या चेहऱ्याचा, वेल्डिंगचं काम करणारा माणूस. त्यानं मला शेजारी बसवलं. टेबलावर एक अख्खा पाव होता.

हात धुवायला न्हाणीघरात गेलो, तर आंघोळीचा टब बुटांनी भरलेला. सगळ्यांचे चिखलाचे बूट तिथं, कारण जिन्यात दिसले तर शेजारीपाजारी मोजतील. माझे तर बाहेरच होते. मी दाराकडे वळलो तेवढ्यात ते वाजलं.

वेरामावशीनं दार उघडलं. इमारतीची राखणदारीण उभी होती, हातात माझे बूट. "हे असले बूट आपल्याकडे मिळत नाहीत. कुणाचे?"

गाणं थांबलं होतं. रेडिओवर कुणीतरी गव्हाच्या पिकाविषयी बोलत होतं.

"माझे," मी पुढे झालो. "मी भारतातून आलोय. वाढदिवसाला बोलावलंय."

तिचा चेहरा जरा सैलावला. परदेशी पोरगा, वाढदिवस, रविवार. पटण्यासारखं होतं. तिनं माझ्या खांद्यावरून आत पाहिलं आणि सहज विचारलं, "कुणाचा?"

नुसतं एक नाव हवं होतं. मी अलेक्सेईकडे पाहिलं. तो उठून पुढे आला.

"कुणाचाच नाही," तो म्हणाला. "मुलाला आम्हाला वाचवायचंय. आम्ही प्रार्थना करत होतो."

बूट उंबऱ्याच्या आत ठेवून ती जिना उतरून गेली.

मला तर त्याचा रागच आला. "काय बिघडलं असतं?" मी विचारलं.

"भीती मलाही वाटते," अलेक्सेई म्हणाला. "पण तीन वर्षं तिकडे माझ्याकडून हेच वदवून घ्यायला बघत होते, की मी प्रार्थना करत नाही. तिथं बोललो नाही, ते आता जिन्यात बोलू?"

कुणीही उठून गेलं नाही. त्यांनी तो पाव मोडला आणि हातोहात पुढे दिला. मग मला मैदानाची गोष्ट सांगायला लावली. मी सांगितली. शब्द अडले तिथं वेरामावशीनं पुरवले.

त्या आठवड्यात कोट घ्यायला दुसरीच बाई दिसली. दिवाकर माझ्याशी बोलेनासा झाला. रोज वाटायचं, आज आपल्याला कार्यालयात बोलावतील. कुणी बोलावलं नाही. शेवटी एका सकाळी ट्रामच्या थांब्यावर वेरामावशी झाडताना दिसली. तिची तिथं बदली केली होती. अलेक्सेईला पोलीस घेऊन गेले होते.

"माझ्या बुटांमुळे," मी म्हणालो.

"ते आमच्या मागावर आधीपासूनच होते रे. बूट नसते तर आणखी काही सापडलं असतं." ती झाडत राहिली.

"मग आता रविवारी?"

"जमलो ना. अलेक्सेईला नेल्याचं ऐकून किती तरी जास्त माणसं आली." पहिल्यांदाच मी तिला हसताना पाहिलं. "बूट टबात मावेनात. बाहेरच काढावे लागले."

जूनमध्ये मी परत निघालो. तोवर अलेक्सेई सुटला नव्हता. पुढे काय झालं ते मला माहीत नाही.

वस्तीत पोचलो तो दिवस पौर्णिमेचा होता. आमच्या घरी बुद्धवंदना चालू होती. वस्तीतली माणसं एका सुरात म्हणत होती आणि तो आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू येत होता. दारापुढे चपलांचा नुसता खच, पाय ठेवायला जागा नाही. येणारा जाणारा त्या ओलांडून जात होता, कुणी वळूनही पाहत नव्हतं.

मला पाहून आई उठली. बाबा ओट्यावर आले. त्यांनी आधी माझ्या पायांकडे पाहिलं. "टिकले म्हणा बूट!"

"टिकले, बाबा."

"मंग काढ की. उभा काहून राहिला?"

मी वाकून बूट काढले आणि तिथंच, गल्लीत, त्या चपलांमध्ये ठेवले.